गाठ, फास आणि साडेतीनशे वर्षं

१८ मार्च १६६७. सहा महिन्यांपूर्वीच्या आगीत होरपळलेलं लंडन अजून सावरत होतं. इंग्लंडच्या नौदलाच्या कारभारात वरच्या पदावर असलेल्या सॅम्युअल पेपिसने आपल्या नेहमीच्या लघुलिपीत त्या दिवशीची रोजनिशी लिहिली. तीत त्याने मासेमारीच्या एका प्रयोगाचीही नोंद केली. ल्यूट हे तंतुवाद्य शिकवणाऱ्या सीझर नावाच्या गृहस्थांनी त्याला सांगितलं होतं, की वाद्याची सर्वांत बारीक तार, म्हणजे प्राण्याच्या आतड्याची तात, गळाच्या दोरीला लावून पाहा. तिला वार्निश दिलं की ती पाण्यात फुगत नाही, आणि बारीकपणात व मजबुतीत घोड्याच्या केसाला मागे टाकते. हे गुपित आपल्याला फार आवडल्याचं पेपिसने लिहून ठेवलं आहे.

एका दोरीला दुसऱ्याच जातीचा तंतू जोडण्याची कल्पना या नोंदीत आहे, आणि तिच्याबरोबर येणारा एक प्रश्नही. हे दोन तंतू एकमेकांना जोडायचे कसे? पुढची साडेतीनशे वर्षं फ्लाय फिशिंग करणारे लोक हा प्रश्न सोडवत आले. प्रत्येक पिढीला वाटलं, आता तो सुटला. मग नवा तंतू बाजारात आला आणि जुनी गाठ त्यावरून निसटली. पोलादी गळाचा किंवा बांबूच्या काठीचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. या सांध्याची गोष्टही तितकीच सांगण्यासारखी आहे, कारण तंतूंच्या तंत्रज्ञानात झालेला जवळजवळ प्रत्येक मोठा बदल या टीचभर जागेने सोसला आहे.

आधी या मासेमारीची तऱ्हा समजून घेऊ. आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा शिशाचं वजन किंवा आमिषाचा भार दोरी ओढत नेतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि लोकर गुंडाळून केलेली कृत्रिम माशी असते आणि तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून इथे वजन असतं ते खुद्द दोरीला. काठीने दोरी मागे-पुढे झुलवायची, तिचा लोळ हवेत उलगडत जातो आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद उतरते. पण जाड दोरी पाण्यावर पडलेली दिसली की ट्राउट पसार होतो. म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये बारीक, नजरेत न येणारा तंतू लागतो. हाच लीडर. गाडीवानाच्या आसुडासारखी ही रचना मुठीकडून टोकाकडे निमुळती होत जायला हवी. वाटेत कुठे एकदम लवचीक किंवा एकदम ताठ जागा आली, तर जोर तिथेच मरतो आणि लीडर गोळा होऊन पडतो. दोरी आणि लीडर यांच्या सांध्याकडून म्हणूनच तीन मागण्या असतात: तो सुटू नये, जोर पुढे जाऊ द्यावा आणि काठीच्या कड्यांत अडकू नये.

सांधा नव्हता तेव्हा

घोड्याच्या केसांच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हताच. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात रोमन लेखक एलियनने मॅसिडोनियातल्या नदीवरच्या मासेमारीचं वर्णन केलं आहे. तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची पिसं बांधत. काठी सहा फुटांची आणि दोरीही तितकीच. एवढ्या आखूड दोरीत वेगळा लीडर जोडण्याची गरज नव्हती.

१४९६ मध्ये विंकिन डी वर्ड या मुद्रकाने इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या साध्वीच्या नावावर तो परंपरेने सांगितला जातो. त्यात दोरी कशी वळावी, केस कसे रंगवावेत, लड्या एकमेकींना कशा जोडाव्यात, हे सारं शिकवलं आहे. कोणत्या माशाला किती केसांची दोरी लागते याचा हिशेबही आहे: अगदी चिमुकल्या मिनोला एक केस, ट्राउटला ९, मोठ्या ट्राउटला १२, सामनला १५. केसाची लांबी शेपटीएवढीच, म्हणून दोरी लडी-लडीने बांधावी लागे. काठीकडच्या लडीत केस जास्त घ्यायचे आणि गळाकडे येताना एकेक कमी करत जायचे. दोरी आपोआप निमुळती होई. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माल एकच, त्याचा स्वभाव एकच, त्यामुळे लडीला लडी जोडणारी गाठ सगळीकडे सारखीच चाले.

आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ला १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने फ्लाय फिशिंगवरचा भाग जोडला. डव्ह नदीकाठी राहणाऱ्या या माणसाचं मत ठाम होतं. झाडंझुडपं आणि पाणवनस्पती यांचा अडथळा नसलेल्या नदीत, गळाजवळ दोनच केस असताना, ज्याला २० इंची ट्राउट काढता येत नाही त्याने स्वतःला अँग्लर म्हणवू नये, असं तो म्हणतो. दोन केसांवर एवढा मासा काढायचा तर हाताला किती जपून ताण द्यावा लागत असेल! केसाची ताकद इथे संपत होती. माणसाचं कौशल्य वाढलं होतं आणि तंतू मागे पडला होता.

मुर्सियाचे रेशीमकिडे

ही उणीव भरून काढली रेशीमकिड्याने. १७२४ मध्ये जेम्स साँडर्सच्या पुस्तकात रेशीमकिड्यापासून केलेल्या मासेमारीच्या तंतूचा उल्लेख येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आग्नेय भागातलं मुर्सिया हे या धंद्याचं मुख्य ठिकाण झालं. त्याची कृती ऐकताना अंगावर काटा येतो. तुतीचा पाला खाऊन पोसलेला किडा कोश विणायला तयार झाला, की त्याला व्हिनेगरमध्ये बुडवत. मग त्याचं शरीर उघडून आतल्या दोन रेशीमग्रंथी काढत. घट्ट झालेली ती ग्रंथी दोन्ही हातांनी ताणली, की एक अखंड, चिवट तंतू तयार होई. तो वाळवायचा, वरचं साल काढायचं, घासून-पुसून प्रतवारी लावायची. कोशावाटे शेकडो मीटरचा धागा देणारा किडा अशा रीतीने साधारण फूट-दीड फुटाचे दोनच तंतू देई.

हा तंतू पाण्यात जवळजवळ अदृश्य होई आणि केसापेक्षा कितीतरी मजबूत असे. शस्त्रक्रियेत टाके घालायलाही सर्जन तो वापरत. आणखी बारीक हवा असेल तर धातूच्या तबकडीतल्या छिद्रातून तो ओढून काढत. किती वेळा ओढला ते ‘एक्स’ने दाखवत, असं सांगतात. आज नायलॉनच्या रिळावर लिहिलेलं ‘४ एक्स’ त्याच काळाची खूण आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की व्यास इंचाच्या हजारांशात मिळतो, म्हणजे ४ एक्स हा ०.००७ इंच.

पण या तंतूच्या अटी कडक होत्या. कोरडा असताना तो काचेसारखा ठिसूळ असे आणि गाठ मारायला गेलं की तुटे. म्हणून मासेमारीला निघण्याआधी तो भिजत घालायचा, ओल्या नमद्याच्या घड्यांत चपट्या डबीत ठेवायचा आणि भिजून मऊ झाल्यावरच बांधायचा. आखूड तुकडे एकाला एक जोडून नऊ-दहा फुटांचा लीडर तयार करायचा. त्याच्या वरच्या टोकाला फास ठेवायचा, आणि त्या फासाला मुख्य दोरी अडकवायची. आपल्या गोष्टीतला सांधा खऱ्या अर्थाने इथे जन्माला आला.

रेशमाला रेशीम, पण निराळं

पलीकडची दोरीही बदलत होती. केस आणि रेशीम मिसळून वळलेल्या दोऱ्या मागे पडल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेणीसारखी गुंफलेली, जवसाच्या तेलात मुरवलेली रेशमी दोरी आली. ती जड होती, गुळगुळीत होती, वाऱ्यातही लांब जाई. विणतानाच धागे कमी-जास्त करून ती निमुळती करता येई. पाण्यावर तरंगावी म्हणून तिला चरबी चोळत. संध्याकाळी रिळावरून उतरवून वाळवली नाही तर ती कुजे.

दोरी रेशमाची, लीडरही रेशीमकिड्याचाच, पण दोघांचे स्वभाव वेगळे. गुंफलेली दोरी मऊ आणि दबणारी, तर लीडरचा तंतू एकसंध आणि घट्ट. त्यांना जोडायला लोकांनी मागावरची आणि जहाजावरची जुनी गाठ उचलली. विणकर तुटलेला धागा जिने सांधतात आणि खलाशी दोन असमान जाडीचे दोर जिने जोडतात, तीच ही. लीडरच्या फासातून दोरीचं टोक खालून वर काढायचं, फासाच्या मानेमागून वळवायचं आणि स्वतःच्याच अंगाखाली दाबायचं. ताण आला की मऊ रेशीम दबतं आणि गाठ आवळते, ताण गेला की बोटाने सुटते. दिवसातून चार वेळा लीडर बदलणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? काहीजण दोरीचं टोक दुमडून, मेणवलेल्या रेशमी धाग्याने करकचून गुंडाळून तिथे कायमचा फास करत आणि फासात फास अडकवत.

हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचन या नद्यांवर तेव्हा तरंगत्या माशीने मासेमारी करण्याची पद्धत शास्त्रासारखी घडत होती. फ्रेडरिक हॅलफर्डची ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम’ आणि ‘ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस’ ही पुस्तकं १८८६ आणि १८८९ ची. चुनखडीच्या टेकड्यांतून येणारं या नद्यांचं पाणी नितळ आणि संथ. तिथे लीडर सरळ उलगडला नाही किंवा गाठ पाण्यावर आपटली, तर मासा गेलाच. जाडजूड गाठ आता खपेना.

याच मंडळींत हेन्री सिंक्लेअर हॉल होते. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात ते गणित शिकवत. महाराष्ट्रातल्या गणिताच्या विद्यार्थ्यांना हे नाव परकं नाही, कारण ‘हॉल अँड नाइट’च्या बीजगणितातले हॉल ते हेच. १८८७ चं ‘हायर अल्जिब्रा’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सोडवलं गेलं. त्याच हॉल यांनी जॉर्ज बँकार्ट यांच्या साथीने १८७० च्या दशकाच्या अखेरीस नेढं असलेले बारीक गळ चांगल्या रीतीने बनवून घेतले. तोवर माशीच्या गळाला नेढं नसे आणि तंतू गळाच्या दांड्यालाच गुंडाळून पक्का केलेला असे. तंतू माशीच्या डोक्यापाशी झिजला की माशीही टाकून द्यावी लागे. नेढं आल्यावर माशी आणि लीडर वेगळे झाले, गाठ मारून जोडता येऊ लागले. एकाच लीडरच्या दोन टोकांना आता दोन सुटे सांधे होते, आणि गाठींचा अभ्यास हा या छंदाचा गंभीर भाग झाला.

नायलॉन निसटतं

ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक टिकली. मग दोन घटना पाठोपाठ घडल्या. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केलं. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. मुर्सिया अगदी शेवटपर्यंत प्रजासत्ताकाच्या बाजूला राहिलं आणि तिथून येणाऱ्या तंतूचा भरवसा उरला नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये नायलॉनची जाहीर घोषणा झाली. कॅरदर्स ते पाहायला नव्हते, आदल्या वर्षीच त्यांचा मृत्यू झाला होता. जाड एकेरी नायलॉन-तंतूचा पहिला व्यापारी उपयोग दात घासायच्या ब्रशात झाला आणि लवकरच तो गळालाही लागला. महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळलं. युद्ध संपल्यावर मात्र ते मुबलक आणि स्वस्त झालं.

हवी तेवढी लांबी, भिजवायची गरज नाही, कुजण्याची भीती नाही. रेशीमकिड्याचा तंतू थोड्याच वर्षांत मागे पडला. पण नायलॉन गुळगुळीत आणि उसळी मारणारं होतं. भिजलेल्या रेशीमतंतूवर पक्की बसणारी गाठ नायलॉनवर हलकेच सरकत सुटून जाई, तीही नेमका मोठा मासा लागल्यावर. बर्मिंगहॅममध्ये स्टॅनली बार्न्स यांनी गाठी मारून, ताणून, तोडून पाहिल्या आणि ‘अँग्लर्स नॉट्स इन गट अँड नायलॉन’ हे पुस्तक लिहिलं. जुना आणि नवा तंतू त्या पुस्तकाच्या नावातच शेजारी-शेजारी आहेत. नायलॉनचे धडे लोक हळूहळू शिकले: वेढे जास्त घ्यायचे, आवळण्याआधी गाठ ओली करायची, कारण घर्षणाच्या उष्णतेने तंतू कमजोर होतो, आणि हळू पण पूर्ण आवळायची.

खिळ्याने केलेली युक्ती

लीडर बदलला तसा दोरीचाही काळ भरला. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मिडलंड या गावी सायंटिफिक अँग्लर्स ही कंपनी सुरू झाली. लिऑन मार्टच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात प्लास्टिकचं आवरण असलेली दोरी बाजारात आणली. आत सारख्या जाडीचा विणलेला गाभा, वर पीव्हीसीचा थर. दोरी निमुळती करायची ती विणकामाने नव्हे, तर आवरणाची जाडी कमी-जास्त करून. तिला चरबी चोळायला नको, रोज वाळवायला नको. रेशमी दोऱ्यांची प्रत त्यांच्या जाडीवरून अक्षरांत सांगत. नव्या दोऱ्यांना तो हिशेब लागू पडेना. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी पहिल्या ३० फुटांच्या वजनावर आधारलेलं नवं प्रमाण ठरवलं. ५ नंबरची दोरी म्हणजे १४० ग्रेन, सुमारे ९ ग्रॅम.

सांध्याचं काय? विणकराची गाठ रेशमाच्या मऊपणावर चाले. प्लास्टिकच्या दोरीत ती ओबडधोबड होई, आवरणाला चिरा पाडी आणि काठीच्या टोकाच्या कड्यात अडकून बसे. इथे पुढे आली ती नेल नॉट, म्हणजे खिळ्याची गाठ. अमेरिकेत ती लोकप्रिय करण्याचं श्रेय जो ब्रूक्स या नामवंत मासेमाराला आणि लेखकाला दिलं जातं. ती त्यांना अर्जेंटिनात पाहायला मिळाली, असं सांगितलं जातं.

तिची कृती अशी. दोरीच्या टोकाला लागून एक खिळा धरायचा. लीडरच्या जाड टोकाने खिळा, दोरी आणि स्वतः लीडर या तिघांभोवती पाच-सहा वेढे घ्यायचे. मग ते टोक वेढ्यांच्या आतून, खिळ्याच्या कडेने परत काढायचं, खिळा अलगद उपसायचा आणि दोन्ही बाजूंनी ओढून आवळायचं. खिळ्याचं काम फक्त वेढ्यांखाली वाट मोकळी ठेवण्याचं. पुढे लोकांनी त्या जागी बारीक नळी वापरली, म्हणजे टोक सरळ नळीतूनच ओवता येतं. आवळल्यावर वेढे प्लास्टिकच्या आवरणात रुततात. इथे दोरीला गाठच पडत नाही. ती सरळ राहते आणि लीडर तिला मिठी मारून बसतो. जोर सरळ रेषेत पुढे जातो आणि सांधा बारीक राहतो. आवरणाचा मऊपणा, जो आधीच्या गाठीला मारक ठरला होता, तोच या गाठीने आधाराला घेतला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त भावते ती हीच युक्ती. तिच्यामागे प्रयोगशाळा नव्हती. हातातल्या मालाचा स्वभाव ओळखणारी नजर होती.

सुई, गोंद आणि कारखान्यातला फास

खिळ्याच्या गाठीतही उणिवा होत्या. लीडर दोरीच्या बाजूला चिकटलेला असतो, मधोमध नसतो. आणि समुद्रातल्या बलदंड माशाने ओढ दिली तर आवरणच गाभ्यावरून सोलून निघू शकतं. पहिल्या उणिवेवर सुईचा उपाय निघाला. दोरीच्या तोंडातून सुई गाभ्यात घालायची, थोड्या अंतरावर बाजूने बाहेर काढायची, लीडरचं टोक पात्याने तासून त्या वाटेने ओवायचं आणि बाहेर खिळ्याच्या गाठीसारखे वेढे घ्यायचे. लीडर आता दोरीच्या बरोबर मध्यातून निघतो. १९५८ मध्ये बाजारात आलेला, क्षणात धरणारा सायनोॲक्रिलेट गोंद पुढे घरोघरी पोचला, तेव्हा काहींनी वेढेही सोडून दिले. ओवलेल्या टोकावर गोंदाचा थेंब दिला की बाहेरून सांधा हाताला लागतही नाही.

दुसऱ्या उणिवेसाठी आवरण वगळून गाभ्याचाच आधार घ्यावा लागला. १९४७ मध्ये जो ब्रूक्स यांच्याकडून फ्लाय फिशिंग शिकलेले लेफ्टी क्रे यांनी दोरीचं टोक दुमडून त्यावर धाग्याचे घट्ट वेढे देण्याची रीत असंख्य लोकांना शिकवली. धाग्याची रीळधरणी दोरीभोवती गरगर फिरवायची, तिच्या ओढीने वेढे आवरणात खोल बसतात आणि गाभ्यापर्यंत पकड जाते. शंभर वर्षांपूर्वी मेणवलेल्या रेशमाने बांधलेला फास इथे नव्या साधनाने परत आला. मग पोकळ विणलेल्या नायलॉनचे तयार फास आले. ते दोरीच्या टोकावर चढवायचे. ओढ वाढली की वीण लांबते, आतून अरुंद होते आणि दोरीला अधिकच कवळते.

आता बहुतेक चांगल्या दोऱ्यांच्या टोकाला कारखान्यातच उष्णतेने जुळवलेला फास असतो. लीडरलाही फास असतो. दोरीचा फास लीडरच्या फासातून ओवायचा, लीडरचं दुसरं टोक दोरीच्या फासातून काढायचं आणि ओढायचं. दोन्ही फास एकमेकांत समोरासमोर बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्याच्या मानेवर आवळला गेला तर बारीक तंतू जाड दोरीला कापत जातो. नव्या माणसाला अर्ध्या मिनिटात जमणारी ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. छंदाच्या दारात पहिली अडचण गाठीची नसावी.

तरीही जुनं ज्ञान टाकून देण्यासारखं नाही. कारखान्यातला फास वापराने झिजतो, त्याला चिरा पडतात, आणि ते बहुधा नदीकाठी लक्षात येतं. मग टोक कापून नळी काढायची आणि खिळ्याची गाठ मारायची, हाच उपाय उरतो. पुन्हा रेशमी दोरी वापरणारे हौशी लोक आजही आहेत. त्यांना विणकराचीच गाठ लागते, कारण त्यांचा माल तोच आहे. या इतिहासातली कोणतीही गाठ चुकीची ठरली नाही. ती ज्या दोन तंतूंसाठी जन्मली, ते तंतू बदलले इतकंच. म्हणून नवशिक्याने सर्वांत चांगली गाठ कोणती हे विचारू नये. हातातली दोरी कशाची आहे, लीडर कशाचा आहे आणि ताण आल्यावर त्यातलं कोण दबणार, हे आधी विचारावं. एवढं कळलं की गाठ आपोआप ठरते, आणि उद्या आणखी नवा तंतू आला तरी त्याच्यासाठी गाठ शोधायला कुठून सुरुवात करायची हेही कळतं.